पडद्यातली पाच तोंडं

आमच्या थोरल्या जाऊबाई ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बोलतात, कारण डाव्या कोपऱ्यात टाचण्या असतात. सकाळचा चहा झाला की टाचण्या तोंडात जातात, त्या थेट जेवायच्या वेळी बाहेर येतात. मधल्या वेळात फोन असो, शेजारणीशी वाद असो, नाहीतर देवाचं नाव घेणं असो, सगळं टाचण्यांच्या कडेकडेनं चालतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, बाई माझ्यावर रागावल्यात. नंतर कळलं, बाई खरंच रागावल्या की टाचण्या काढतात.

त्या शिवणकाम करतात. गल्लीत सगळे त्यांना टाचणीकाकू म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि भिंतीला लावलेल्या दांडीवर गिऱ्हाइकांचे कपडे: कुणाचा कोट आत घ्यायचाय, कुणाचा झगा बाहेर सोडायचाय, कुणाचं अस्तर बदलायचंय. त्या टेप धरून मापं सांगतात, मी वहीत लिहून घेते. "खांदा सतरा, बाही तेवीस, पोट... पोट राहू दे, पुढच्या आठवड्यात आणखी वाढेल." गिऱ्हाईक समोर उभं असतं. पण टाचणीकाकू म्हणाल्या म्हटल्यावर तेही हसतं.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, नळ दुरुस्त करतात. आमची इमारत पाच मजली आणि जुनी. सगळ्या बेसिनांचं पाणी एकाच जाड पाइपातून खाली येतं. भाऊजी तळमजल्यावर बेसिनखाली आडवे होऊन काम करताना हसले, की ते हसू त्या पाइपातून वर चढायचं. आणि भाऊजी कशालाही हसायचे. वॉशर चुकीचा निघाला तरी हसायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही, त्या आपल्या बेसिनपाशी उभ्या राहून घरच्यांना सांगायच्या, "नळवाला हसला गं. पाणी येतंय बघ आता."

दोन वर्षांपूर्वी एका गंजलेल्या नटावरून पाना निसटला आणि सरळ त्यांच्या तोंडावर आला. वरचे समोरचे दोन दात निम्मे उडाले. बाजूचे आधीपासून किडलेले होतेच, तेही ठणकायला लागले. दातांचा दवाखाना दोन बस बदलून. भाऊजी पहिल्यांदा गेले तर मशीन बंद. दुसऱ्यांदा गेले तर त्यांचा नंबर यायच्या आत दवाखाना बंद. तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. तेव्हापासून बोलताना तोंडावर हात. आणि बेसिनखाली दोन्ही हात पान्याला लागतात, म्हणून तिथे बोलणंच बंद. हसणं तर नाहीच. आमचा पाइप मुका झाला. आजी विचारायच्या, "नळवाला दुसरा ठेवलात का?"

अशात एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. अंगानं एवढ्याशा, हातात स्टीलची पेटी, कपाळाला बांधायचा दिवा. शहराच्या आरोग्य खात्यानं त्यांना आमच्या वस्तीचे दात बघायला पाठवलं होतं. खात्याकडे दातांच्या इलाजाची एक नवी खुर्ची आली होती. मशीन, दिवा, चूळ भरायची वाटी, सगळं तिलाच जोडलेलं. खुर्ची एक आणि वस्त्या दोन, आमची आणि पुलापलीकडची. जिथं गरज जास्त तिथं खुर्ची बसणार, आठवड्यातले चार दिवस डॉक्टर येणार. गरज कशी ठरवायची? चिठ्ठ्या टाकून दोन्हीकडची सत्तर-सत्तर माणसं निवडली होती. त्यांच्या तोंडात बघायचं आणि लिहायचं. पुलापलीकडचे सत्तर आधीच झाले होते.

इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालयाची खोली आहे. तिथं डॉक्टरीणबाईंनी टेबल मांडलं, आणि पहिल्याच चिठ्ठीत जाऊबाई निघाल्या. त्यांनी टाचण्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि आ केला.

डॉक्टरीणबाई दिव्याच्या उजेडात क्षणभर बघून म्हणाल्या, "शिवणकाम करता."

जाऊबाईंनी तोंड मिटलं. "कुणी सांगितलं?"

"पुढच्या दाताला खाच आहे. टाचण्या इथं धरता. आणि दोरा इथं तोडता, कात्री समोर असली तरी."

"अगं बाई!" जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तोंडात बघून धंदा सांगतात. आणखी काय दिसतं हो? यजमानांचा स्वभाव दिसतो का?"

"त्यांनाच आणा. त्यांच्या तोंडात दिसेल."

जाऊबाईंचा चेहरा एकदम उतरला आणि एकदम उजळलाही. चिठ्ठ्यांमध्ये भाऊजींचं नाव निघालेलं होतं. ते त्यांनी यादीत वाचलं होतं, आणि यादी गुपचूप उचलून भाऊजींना सगळ्यात खाली ढकललं होतं. सत्तरावे. तोवर काहीतरी सुचेल म्हणून.

"ही खुर्ची आपल्याकडे आली पाहिजे," जिन्यावर त्या मला म्हणाल्या. "दोन बस नाहीत, नंबर नाही. आपल्या जिन्याखाली खुर्ची. मग बघते कसे जात नाहीत ते."

त्या दिवशी आम्हां दोघींना काम लागलं. डॉक्टरीणबाईंना एक लिहिणारी हवी होती आणि एक माणसं आणणारी. लिहिणारी मी, मापं लिहायची सवय होतीच. डॉक्टरीणबाई आरसा फिरवत एका सुरात सांगत, "शून्य, शून्य, एक, शून्य, चार," आणि मी बत्तीस खण भरत जाई. शून्य म्हणजे धड दात, एक म्हणजे किडका, तीन म्हणजे भरलेला, चार म्हणजे गेलेला. माणसं आणणाऱ्या अर्थातच जाऊबाई. त्यांना डॉक्टरीणबाईंनी एक नियम नीट समजावून सांगितला.

"दर दहावं माणूस मला दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचंय. माझी नजर आज जे सांगते तेच उद्या सांगते का, हे बघायला. शंभरातले नव्वद आकडे जुळले पाहिजेत. नाही जुळले तर खातं म्हणणार, डॉक्टर मनाला येईल ते लिहिते, आणि तुमची पाहणी रद्द. फक्त एक करा. कुणाला पुन्हा आणलंय ते मला ओळखू येता कामा नये."

डॉक्टरीणबाईंना म्हणायचं होतं, की त्यांना रांगेत मधेच कुठेतरी बसवा. एवढंच. जाऊबाईंनी टाचण्यांच्या कडेनं उत्तर दिलं, "ओळखू येणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारातून एक भारदस्त गृहस्थ आत आले. काळा ओव्हरकोट, गळ्यापर्यंत बटणं, डोळ्यांवर गडद चष्मा, हातात छत्री. बाहेर कडक ऊन होतं. मी त्यांना ओळखलं नाही. पण कोटाची बाही ओळखली, कारण तिचं माप मीच लिहिलं होतं. मग वास आला, ताज्या पावाचा. हे आमचे बेकरीवाले होते. यादीतले दहावे. दारात जाऊबाई उभ्या होत्या आणि त्यांनी कॉलरला एक टाचणी लावली. ती आमची खूण. टाचणी दिसली की मी तो कागद डॉक्टरीणबाईंच्या नकळत बाजूला ठेवायचा.

डॉक्टरीणबाईंनी कोटाकडे बघून फक्त विचारलं, "फार थंडी वाजते का?"

"आ," बेकरीवाले म्हणाले. तेवढंच म्हणता येत होतं.

तिथून जाऊबाईंना अंतच राहिला नाही. विसावे होते बसचे ड्रायव्हर. ते झगमगत्या कुडत्यात आले, कुठल्यातरी नवरदेवाचा असावा, अजून एका बाजूनं कच्चे टाके घातलेला. हलले की टाके उसवत. तिसाव्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना स्कार्फ, काठी आणि नातवाची क्रिकेटची टोपी. बाईंनी आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेली, पण त्या दिवशी त्या जिन्यात वळणावर थांबून मला म्हणाल्या, "मी जरा लंगडू का?" मी म्हटलं, "बाई, दातांचं आहे." त्या म्हणाल्या, "तरीसुद्धा," आणि लंगडत आत गेल्या.

आमच्या इमारतीला वेड लागलं होतं. सकाळी जिन्यात भेटलं की लोक एकमेकांना विचारत, "आज तुम्ही कोण?" चिठ्ठीत नाव न निघालेली माणसंसुद्धा दांडीवरचे कपडे लावून बघायला येत. मी दोन्ही वेळचे कागद घरी नेऊन देवापुढे ठेवत असे आणि हात जोडून म्हणत असे, देवा, यातलं निम्मं खोटं आहे, पण दात खरे आहेत.

गडबड झाली ती तिसऱ्या दिवशी. ज्यांचा ओव्हरकोट होता ते विमावाले, यादीत एकेचाळिसावे, आपल्या वेळेआधी आले. खुर्चीत त्यांचा कोट बसला होता. जाऊबाईंनी तो या वेळी चाळिसाव्याला, म्हणजे कुलूपकिल्लीवाल्याला दिला होता, कारण एवढ्या उंच माणसाला दांडीवरचं दुसरं काहीच पुरत नव्हतं.

"हा माझा कोट आहे!" विमावाले.

"आ," कुलूपवाला.

"अस्तरासाठी दिला होता! काकू, माझा कोट हा मनुष्य घालून बसलाय!"

"माप बघतेय," जाऊबाई जराही न डगमगता म्हणाल्या. "अंगावर चढवल्याशिवाय अस्तर कसं कळणार? तुम्ही नव्हतात."

"पण तो रुंदीला माझ्या निम्मा आहे!"

"म्हणूनच. मोकळं बसतं का ते दिसतं."

डॉक्टरीणबाई आरसा हातात धरून थांबल्या होत्या. त्यांनी पहिल्यांदाच वर मान करून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. मी मान खाली घालून समासात शून्य काढत बसले, सहा-सात जास्तीचे.

चौथा दिवस शेवटचा. दुपारी खात्याचे साहेब येणार होते. पाहणी खरी झाली की नाही ते बघून सही करणं त्यांचं काम. ते सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच आले. आल्या आल्या त्यांना जिन्याखालच्या कोनाड्यात आमच्या जाऊबाई दिसल्या, साठाव्या क्रमांकाच्या माणसाला नकली दाढी बांधताना. आणि त्या टाचण्यांच्या कडेनं सांगत होत्या, "आता तुम्ही तुम्ही नाही, समजलं? आत जायचं, आ करायचा, आणि कालचं काही बोलायचं नाही."

साहेब आत आले ते थेट टेबलापाशी. आवाज शांत होता, म्हणून जास्तच भीती वाटली.

"डॉक्टर, इथं तीच तीच माणसं वेश बदलून पाठवली जातायत. किडके दात वाढवून दाखवायला. मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ती पुन्हा तपासायची माणसं आहेत, त्यांचे कागद वेगळे आहेत. मी कागद दाखवले. साहेबांनी दाढीकडे बोट दाखवलं. "मग हे कशासाठी?"

"ओळखू येऊ नये म्हणून," जाऊबाई म्हणाल्या.

"काकू," डॉक्टरीणबाई हताश होऊन म्हणाल्या, "मी चेहऱ्याकडे बघतच नाही. मला दात तेवढे दिसतात."

जाऊबाईंनी दाढीकडे बघितलं. चार दिवसांचे कोट, टोप्या, काठ्या, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "आधी सांगायचं ना हो," त्या म्हणाल्या.

साहेब कागद खाली ठेवत म्हणाले, "मी यावर सही करू शकत नाही. माझ्यासमोर एकदा खरी परीक्षा करून दाखवा, तर बघतो. संध्याकाळच्या आत. कुणी उरलंय का?"

मी यादी बघितली. पहिल्यांदा तपासायचं एकच उरलं होतं. सत्तरावे. आणि सत्तर म्हणजे दर दहातलं दहावं, त्यांना दोनदा यायचं होतं.

भाऊजी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसलेले सापडले. हातात पाना होता, पण टाकी ठीक चालली होती.

"मोजायचंय काय त्यात?" ते तोंडावर हात धरून म्हणाले. "कुठले नाहीत ते मला पाठ आहे. लिहून देतो."

तेव्हा जाऊबाईंनी टाचण्या काढल्या. एकेक करून, सगळ्या, माझ्या हातावर. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

"दोन वर्षं मी या घरात एकटी हसतेय," त्या म्हणाल्या. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून त्यांचा आवाज किती मऊ आहे ते मला तेव्हा कळलं. "जोक मी सांगायचा, हसायचंही मी. एकटं हसणारं माणूस कसं दिसतं ठाऊक आहे? वरच्या आजी मला विचारतात, तुझं डोकं ठीक आहे ना. खुर्ची जिन्याखाली येते आहे आणि तुम्ही टाकीमागे बसलायत."

"त्या सगळ्यांपुढे तोंड उघडू? तो बेकरीवाला जन्मभर पाव देताना हसेल."

"तुमचा चेहरा नाही दिसला तर?"

"कसा नाही दिसणार?"

"पडद्याआड बसा. फक्त तोंड बाहेर. आणि एकटे नाही, पाच जणं. कुणाचं कुठलं, कुणालाच कळणार नाही."

भाऊजींनी विचार केला. "पडदा कुठाय?"

"अर्ध्या तासात शिवते."

साहेबांना ही कल्पना ऐकवली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण त्यांच्या परीक्षेला ती बरोबर बसत होती. डॉक्टरीणबाईंना चेहरा, कपडे, काही दिसणार नाही. दिसतील ती पाच तोंडं. पाचांचे पहिले कागद साहेबांच्या खिशात राहतील. जुळतात का ते साहेबच बघतील.

आधी भाऊजींचा पहिला कागद करायचा होता. तो वाचनालयाच्या कोपऱ्यात झाला, मासिकांच्या कपाटाआड. मी त्यांची भावजय, म्हणून मला भिंतीकडे तोंड करून लिहायला सांगितलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत ऐकत होते: "एक, एक, शून्य..." समोरचे दोन दात आले तेव्हा डॉक्टरीणबाईंचा सूर बदलला नाही. शून्यासारखंच सांगितलं. त्यासाठी मला त्या फार आवडल्या.

तोवर जाऊबाईंनी मशीन खाली आणलं होतं. आमच्या मोठ्या पलंगाची निळ्या पट्ट्यांची चादर. एका ओळीत पाच चिरा, प्रत्येक चिरेला काजासारखी शिलाई, म्हणजे फाटायला नको. दोन कपाटांच्या मध्ये चादर टाचण्यांनी ताणली. चिरा एका ओळीत आल्या, पण माणसं एका उंचीची नव्हती. मग बांधलेल्या जुन्या मासिकांचे गठ्ठे खाली घातले. बेकरीवाल्यांना दोन वर्षांची मासिकं लागली, बाईंना सहा. कुलूपवाला गठ्ठ्याशिवायच पुरला. विमावाले, भाऊजी, सगळे मागे बसले. कोण कुठे बसलं ते फक्त जाऊबाईंना आणि देवाला ठाऊक. डॉक्टरीणबाई बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, आता त्यांचीही पाळी आली होती.

"या!" जाऊबाई ओरडल्या.

डॉक्टरीणबाई आत आल्या आणि थांबल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. निळ्या पट्ट्यांच्या चादरीत एका ओळीत पाच तोंडं. बाकी काही नाही. एका चिरेतून निम्मी मिशी बाहेर आली होती. कुणी जांभई दिली. एका तोंडानं जिभेनं ओठ ओला केला. मी पेन घट्ट धरलं.

पहिलं तोंड झालं. दुसरं झालं. चौथ्या तोंडाला आपली पाळी येईस्तोवर गप्प बसवेना. साहेब कागद घेऊन अगदी जवळ उभे होते, आणि ते मिशीचं तोंड एकटंच, चादरीतून, अदबीनं म्हणालं:

"साहेब, आपला विमा झालेला आहे का?"

साहेब चौथ्या चिरेकडे वळले.

मग तिसरं तोंड उघडलं. आधी त्यातून हवा आली. मग घशातून काहीतरी वर चढलं, जिन्यावरून भांडी गडगडावीत तसं, आणि ते तोंड हसायला लागलं. पूर्ण उघडं, समोरचे दोन निम्मे दात, बाजूचे काळे, सगळं साहेबांच्या नाकासमोर. हात आड यायचा प्रश्नच नव्हता; सगळ्यांचे हात चादरीमागे, घसरणाऱ्या गठ्ठ्यांना धरून. पहिलं तोंड हसायला लागलं. पाचवं हसायला लागलं, त्या आमच्या बाई, त्यांची सहा वर्षांची मासिकं डुगडुगली आणि तोंड चिरेतून नाहीसं झालं आणि पुन्हा वर आलं. चादर लाटेसारखी हलत होती. टाचण्या टपटप पडत होत्या.

"हलू नका!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्याच खाली बसल्या, कपाळावरचा दिवा छताला लावून.

एवढ्यात कोपऱ्यातल्या बेसिनमधून आवाज आला. बारीक, लांबून, पण स्पष्ट.

"अहो नळवाले! आलात का परत?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. पाइपातून.

तेव्हा मात्र साहेबसुद्धा गेले. त्यांनी कागद तोंडावर धरून बघितलं, पण हसू कागदात मावेना. मान मागे टाकून ते हसले. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं त्यांच्या तोंडात बघितलं आणि स्वतःच्याही नकळत त्या म्हणाल्या, "शून्य, शून्य, तीन, शून्य, चार, एक." आणि मीही सवयीनं ते लिहून काढलं.

जाऊबाई हसत नव्हत्या. त्या तिसऱ्या चिरेसमोर उभ्या होत्या, हातात कात्री, आणि डोळे पुसत होत्या. "हेच," त्या मला म्हणाल्या. "अगदी हेच होतं गं."

सगळं शांत व्हायला चांगला वेळ लागला. दोनदा शांत झालं आणि दोनदा कुणीतरी खुदकन हसून पुन्हा सुरू केलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मग चादर पुन्हा ताणली, उरलेली तोंडं झाली. साहेबांनी खिशातले कागद काढून एकेक खण लावून बघितला. पाच तोंडांचे एकशे साठ खण. नव्वद टक्क्यांच्या हिशोबानं एकशे चव्वेचाळीस जुळले की पुरे. जाऊबाई त्यांच्या खांद्यावरून बघत बोटांवर मोजत होत्या.

"एकशे पंचावन्न," साहेब म्हणाले.

"छप्पन्न," जाऊबाई म्हणाल्या. "त्या बाईंच्या दाढेवर तुमचा अंगठा आहे."

साहेबांनी अंगठा उचलला. छप्पन्नच होते.

जुने दुहेरी कागदही त्यांनी लावून बघितले, दाढी काढून तपासलेल्याचा, कोटवाल्यांचा, लंगडणाऱ्या बाईंचा, तेही जुळले. सही करताना त्यांनी विचारलं, "खाली हा वेगळा कागद कुणाचा? नाव नाही. सहाच खण भरलेत."

मी खरं ते सांगितलं. साहेब कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच गालाला आतून जीभ लावून बघितली. "एक कुठला?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "वरचा की खालचा?"

आमच्या सत्तरांतल्या एकसष्टांच्या तोंडात किमान एक तरी किडका दात निघाला. पुलापलीकडे पंचावन्न निघाले. खुर्ची आमच्याकडे आली, चार महिन्यांनी, जिन्याखाली नाही पण वाचनालयाशेजारच्या खोलीत. पुलापलीकडच्यांना बुधवारी यायचं ठरलं. पूल काही लांब नाही.

खुर्चीला पाण्याची लाइन लागते. चूळ भरायच्या वाटीत पाणी यावं लागतं आणि जावंही लागतं. ते काम भाऊजींनीच केलं, कुणी सांगायची वाट न बघता. खुर्चीखाली उताणे पडून, दोन्ही हातांनी पाना धरून ते पाइप जोडत होते, आणि जाऊबाई उंबऱ्यात बसून पडद्याच्या चादरीच्या चिरा शिवून बंद करत होत्या, कारण ती आमची चांगली चादर होती. भाऊजींचे दोन दात बसायला आणखी महिनाभर जायचा होता, पहिला नंबर त्यांचाच होता.

"अहो," जाऊबाई टाचण्यांच्या कडेनं म्हणाल्या, "विमावाल्यांनी साहेबांना विमा विकला म्हणे."

 खुर्चीखाली पाना जमिनीवर पडला, आणि पुन्हा जिन्यावरून भांडी गडगडावीत तसं हसू पाइपात चढलं.

वरून तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली नाही, कुणी हाक मारली नाही. फक्त त्या नव्या वाटीत, पाणी यायच्या आधी, आजींचा आवाज आला: "ऐकू येतंय हो. आता पाणी सोडा."